पडद्यावर उमटणाऱ्या सूचना : कुठे आवरायच्या, कुठे लिहायच्या

प्रश्न : वर्डमध्ये वरच्या पट्टीतल्या बटणावर माउस जरा थांबला की मोठी चौकट उघडते आणि खालचा मजकूर झाकला जातो. ती घालवता येते का?

उत्तर : येते, पण सगळीच घालवू नका. 'फाइल'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'जनरल' पानावर 'स्क्रीनटिप स्टाइल'ची यादी आहे. तिच्यात तीन पर्याय मिळतात : वर्णनासह सूचना, वर्णनाशिवाय सूचना आणि सूचनाच नको. मधला घ्या. माहितीचा परिच्छेद जातो, बटणाचं नाव राहतं. नुसतं चित्र असलेली बटणं इतकी आहेत की नावाशिवाय रोजचा वापर करणाराही अडतो. नावाशेजारी कीबोर्डचा शॉर्टकट दिसत नसेल, तर 'ॲडव्हान्स्ड' पानावरच्या 'डिस्प्ले' भागात 'शो शॉर्टकट कीज इन स्क्रीनटिप्स'वर खूण करा.

लिब्रेऑफिसमध्ये एकाच बटणाची सविस्तर माहिती हवी असेल तर शिफ्ट आणि एफ१ दाबा. बाणाशेजारी प्रश्नचिन्ह येतं. ते बटणावर न्या, वाचा आणि कुठेही क्लिक करा, प्रश्नचिन्ह जातं.

प्रश्न : सूचना वाचून व्हायच्या आतच नाहीशी होते. वेळ वाढवायची सोय विंडोजमध्ये कुठे आहे?

उत्तर : थेट सोय नाही, आडवाट आहे. विंडोजची साधी सूचना-चौकट आपली वेळ डबल-क्लिकच्या वेळेवरून ठरवते. ती वेळ मुळात अर्धा सेकंद असते. माउस तेवढा थांबला की चौकट येते आणि त्याच्या दहापट, म्हणजे ५ सेकंद, टिकते. त्यामुळे माउसच्या सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी केला की चौकट जास्त टिकते. मात्र ती उघडायलाही तितकाच उशीर लागतो. शिवाय ज्या प्रोग्रामने स्वतःची वेळ ठरवली आहे किंवा स्वतःचीच चौकट रंगवली आहे, त्याला या बदलाचं काही देणंघेणं नसतं. एखाददुसरी सूचनाच वाचायची असेल तर माउस बटणावरून बाजूला घेऊन परत आणणं सोपं.

'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये सूचना किती वेळ दिसाव्यात याचा एक पर्याय सापडेल, पण तो कोपऱ्यात सरकून येणाऱ्या नोटिफिकेशनचा आहे. अनेक जण तोच बदलतात आणि फरक का पडत नाही म्हणून वैतागतात.

प्रश्न : एक्सेलची शीट पाच-सहा जण भरतात. तारीख प्रत्येकजण वेगळ्या पद्धतीने लिहितो. सेलवर गेल्याबरोबर सूचना दिसेल असं करता येईल?

उत्तर : हे काम 'डेटा व्हॅलिडेशन'चं. सेल निवडा, 'डेटा' टॅबमधून 'डेटा व्हॅलिडेशन' उघडा आणि 'इनपुट मेसेज' पानावर मजकूर लिहा. शीर्षकाला ३२ अक्षरं मिळतात, मजकुराला २५५. देवनागरीत काना-मात्रा आणि जोडाक्षरांचे घटक वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे जागा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. 'कृपया योग्य तारीख भरा' हे वाचून कोणालाच काही कळत नाही. '०५-०३-२०२४ : आधी दिवस, मग महिना' हे कळतं.

नुसत्या सूचनेने चूक थांबत नाही. 'सेटिंग्ज' पानावर 'डेट' निवडून सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या, 'एरर अलर्ट' पानावर 'स्टॉप' ठेवा. तरीही ५ मार्चऐवजी कोणी ३ मे लिहिलं आणि तेही मर्यादेत बसलं, तर एक्सेल ते मुकाट्याने घेतं. म्हणून दोन तारखांमधलं अंतर गरजेपुरतंच ठेवा.

चौकट शेजारच्या सेलवर येत असेल तर माउसने ओढून बाजूला करा. तिचा आकार मात्र बदलत नाही.

खरा घोटाळा पेस्टमुळे होतो. दुसरा सेल कॉपी करून इथे नेहमीसारखा पेस्ट केला की नियम आणि सूचना दोन्ही पुसल्या जातात, तेही कसलाही इशारा न देता. 'पेस्ट स्पेशल'मधून 'व्हॅल्यूज' निवडलं तर त्या टिकतात, पण पेस्ट झालेली किंमत तपासली जात नाही. आलेल्या शीटवर 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' चालवा. नियम शाबूत असलेल्या सेलमधल्या चुकांभोवती लाल गोल उमटतात.

प्रश्न : जुन्या प्रोग्रामची सीएचएम मदत-फाइल उघडते. डावीकडे अनुक्रमणिका दिसते, उजवीकडे पान कोरं. फाइल खराब झाली का?

उत्तर : बहुधा नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज तशी नोंद ठेवतं आणि मग आतली पानं दाखवत नाही. फाइल खात्रीच्या ठिकाणची असेल तरच तिच्यावर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये खाली 'अनब्लॉक'वर खूण करा आणि फाइल पुन्हा उघडा. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये असेल तर आधी स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा. एवढं करूनही पान कोरंच राहिलं तर फोल्डरच्या नावात # आहे का बघा. त्या चिन्हाने पत्ता मध्येच तुटतो.