कल्चर आधी, पहिला डोस नंतर

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे रुग्णालयाच्या माहिती प्रणालीवर काम करायचे तिच्या मनात आहे. ‘एवढे शिकून ही प्रयोगशाळा सोडून संगणकात आकडे भरत बसणार का?’ ही आपली काळजी पत्रातून कळली. माझ्या मते तिने प्रयोगशाळा इतक्यात सोडू नये, परंतु तिने धरलेली दिशा योग्य आहे.

या कामाचे एक उदाहरण घ्या. प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून गेल्यानंतर कल्चरसाठी, म्हणजे जंतू बाटलीत वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतले, तर रक्तात जंतू असूनही बाटलीत ते पुष्कळदा वाढत नाहीत. अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो, आणि कोणते औषध थांबवावे, कोणते साधे औषध पुरेल, हे ठरवण्याचा आधारच डॉक्टरांच्या हातून निसटतो. मग सर्वांत प्रभावी म्हणून राखून ठेवायची औषधे दिवसच्या दिवस चालू राहतात. हे टाळण्यासाठी माहिती प्रणालीचा मोठा उपयोग होतो. डॉक्टरांनी संगणकावर मेरोपेनेमसारख्या प्रभावी प्रतिजैविकाचे इंजेक्शन लिहिताच या रुग्णाचे कल्चर पाठवले आहे की नाही हे त्याच पडद्यावर दिसावे, पाठवले नसल्यास तिथेच त्याची मागणी नोंदवता यावी आणि सिस्टरांनी बाटलीवरचा बारकोड वाचताच नमुना घेतल्याची वेळ आपोआप नोंदली जावी, अशी रचना करता येते. मात्र नमुना मिळाला नाही म्हणून प्रणालीने औषध अडवून धरणे घातक ठरेल, कारण सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो तेव्हा, प्रतिजैविक तासाभराच्या आत द्यावे लागते.

हे काम निव्वळ संगणक शिकलेल्या माणसाकडून पुरे का होत नाही, हे आपण समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. पुष्कळदा ‘नमुना घेतल्याची वेळ’ या रकान्यात लेबल छापल्याची किंवा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची वेळ पडलेली असते, आणि तिच्यावरून काढलेली टक्केवारी कितीही नेटकी दिसली तरी खोटी असते. प्रौढ रुग्णाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागते, एकाच बाटलीत त्वचेवरचे जंतू वाढले तर संसर्गापेक्षा नमुना दूषित झाल्याची शक्यता अधिक असते, कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. या गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच आकड्यांतली चूक दिसते. आपल्या कन्येला ही नजर नेमकी प्रयोगशाळेतच मिळणार आहे.

म्हणून पदवीनंतर तिने कल्चर व सेन्सिटिव्हिटी (कोणते औषध त्या जंतूंवर चालेल याची चाचणी) नियमित होणाऱ्या प्रयोगशाळेत निदान एक वर्ष काम करावे. अनेक जाहिरातींत डीएमएलटीची (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातील पदविकेची) अट असते, तेव्हा केवळ बीएस्सीवर विसंबण्यापूर्वी पात्रता नीट वाचावी. त्याच वर्षात तिने एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची संगणकीय भाषा) आणि व्होनेट शिकावे. व्होनेट हे कल्चरच्या निकालांचे विश्लेषण करणारे मोफत सॉफ्टवेअर असून जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. स्नोमेड सीटीसारख्या वैद्यकीय संकेतप्रणालींचे भारतातील काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत चालते, त्याचीही तिने ओळख करून घ्यावी. एमएस्सी त्यानंतर केली तरी उशीर होणार नाही. या कामाचे ठरलेले नाव असलेले पद मात्र क्वचितच जाहीर होते, आणि लहान गावांत तर जवळपास नाहीच. प्रवेश बहुधा प्रयोगशाळा, गुणवत्ता विभाग किंवा रुग्णालयीन सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कंपनीमार्फत होतो. घरापासून दूर राहण्याची तयारी लागेल, हे आत्ताच घरात बोलून घ्यावे.

शेवटच्या सत्रात प्रकल्प असेल, तर तिने जवळच्या रुग्णालयाची व नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊन, रुग्णांची नावे वगळून, एका महिन्यातील ब्लड कल्चरच्या नमुन्याची वेळ आणि पहिल्या डोसची वेळ ताडून पाहावी. दोन्ही वेळा कागदावरच्या असल्या तरी चालतील.