जर्मन शिकायला मुंबईहून स्टुटगार्टला जाऊन राहण्यात खरंच काही अर्थ आहे का?

जर्मनची ए2 पातळी मुंबईत झालीय, आता पुढची बी1 काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनातच करावी की स्टुटगार्टला जाऊन, आणि तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या व्याकरणासाठी जात असाल तर पैसे वाचवा. दातिव्ह आणि अक्कुझातिव्ह या विभक्त्या इथेही तेवढाच छळ करतात. जायचं ते वर्ग सुटल्यानंतरच्या वेळेसाठी.

पण त्या वेळात कुणी आपणहून गप्पा मारायला येईल, या भ्रमात राहू नका. विरार लोकलमध्ये 'कुठे उतरणार?' यावरून ओळख होते, तसं एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, होत नाही. तिथली माणसं तोंड उघडतात ती नियमांवरून. नियम समजावून सांगायला मात्र त्यांना वेळच वेळ असतो, आणि माझं निम्मं जर्मन त्यातूनच आलंय.

उदाहरणार्थ केरवोखे. स्टुटगार्ट ज्या श्वाबेन भागात आहे, तिथली ही खास प्रथा. जिना झाडायची-पुसायची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका घरावर येते. तुमची पाळी आली की शेजारी तुमच्या दारावर पाटी अडकवून जातात. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. जिना स्वच्छ दिसत असला तरी सुटका नाही. आमच्या मजल्यावरच्या आजी स्वतः वरच्या पायरीवर उभ्या राहून आधी कठडा, मग खिडकीची कड, मग पायऱ्या, असा क्रम सांगायच्या. बोलायच्या अस्सल श्वेबिशमध्ये, म्हणजे श्वाबेनच्या बोलीत. 'नाही'साठी वर्गात 'निश्त' शिकवतात, आजींचं आपलं 'नेट'. पहिले काही आठवडे मी नुसती मान डोलवायचे. गिरगावात चाळीत वाढल्यामुळे पाळीवरून होणारी धुसफूस मला नवी नव्हती, फक्त इथे ती खालच्या पट्टीत चालायची.

कचऱ्याचंही तसंच. कागद वेगळा, ओला वेगळा, पॅकिंग वेगळं, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या टाक्यांत, आणि रविवारी त्याही टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली सरकवली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर द्यायची.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनातली काही आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या उघड्या असतात, तेवढंच. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवा. मग रविवारी लोक करतात काय? चालतात. शहर वाटीसारखं खोलगट, चहूबाजूंना टेकड्या, त्यांवर द्राक्षांचे मळे आणि वर जायला शेकडो दगडी जिने. मुंबईच्या सपाटीला सरावलेले गुडघे सुरुवातीला कुरकुरतात.

खाण्यात मला आवडली ती मसुराची उसळच म्हणा ना. श्पेट्झले नावाच्या ओबडधोबड शेवयांवर व्हिनेगर घातलेले मसूर. त्यावर सॉसेज येतं, नको असेल तर आधी सांगा. माउलटाशन, म्हणजे सारण भरलेली पिठाची पाकिटं, मात्र शाकाहारी वाटलं तरी विचारून घ्या. उपासाच्या काळात देवाला मांस दिसू नये म्हणून ते पिठाच्या पारीत लपवलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. पळवाटा काढण्यात आपणच हुशार नाही, हे कळून बरं वाटलं.

आणखी एक. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968पासून भगिनी शहरं आहेत, पण ते सांगून घर मिळत नाही. स्वस्त कोर्ससाठी रोटेब्युलप्लात्झचं फोल्क्सहोखशूल, म्हणजे प्रौढांसाठीचं शिक्षण केंद्र, बघा, खाजगी शाळांचे दर नंतर विचारा. चार भारतीयांनी मिळून फ्लॅट घेतलात तर संध्याकाळी हिंदीच बोलाल, त्यापेक्षा जर्मन मुलांसोबत एखादी खोली घ्या. तीही अशा जुन्या इमारतीत, जिथे जिना रहिवासीच झाडतात. नव्या इमारतींत हे काम बऱ्याचदा कंपनीला दिलेलं असतं, तिथे शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा आणि पत्रपेटीवर आडनाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि बँकेपासून व्हिसा ऑफिसपर्यंत तिथे सगळे अजून पत्रंच पाठवतात.