वाचकांचे प्रश्न : एडिसन की टेस्ला?

प्रश्न : काका, कॉलेजात आमचं जोरदार भांडण झालं. टेस्ला खरा शोधक आणि एडिसन चोर, एसी, म्हणजे उलटसुलट दिशा बदलणारी वीज, वाईट हे दाखवायला त्याने हत्ती मारला, असं सगळे म्हणतात. तुमचा पक्ष कोणता? – एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : माझा पक्ष तिसराच. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळल्यात मी. तेव्हा मी त्या डब्याच्याच बाजूने बोलणार, हे धरून चाल.

आधी हत्तीचं उरकतो. टॉप्सी नावाची ती हत्तीण १९०३ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर मारली. एडिसनच्या नावाच्या कंपनीने त्याचं चित्रण केलं, एवढाच धागा. एसी आणि एडिसनची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, यांचा वाद त्याआधीच मिटला होता. पण म्हणून एडिसन सोवळा नाही हं. १८८८ साली हॅरॉल्ड ब्राउन नावाच्या माणसाने एसीचा झटका देऊन कुत्री मारून दाखवली, आणि त्याच्या प्रयोगांना जागा एडिसनच्या प्रयोगशाळेत मिळाली. १८९० मध्ये विजेच्या खुर्चीवर पहिला माणूस मारला, तोही एडिसनचा एसीवाला स्पर्धक वेस्टिंगहाउस याच्या जनरेटरवर. मला विचारशील तर हत्तीपेक्षा हे वाईट.

चोरीचं म्हणशील तर टेस्ला १८८४ मध्ये एडिसनच्या न्यूयॉर्कच्या कंपनीत लागला आणि वर्षाच्या आत सोडून गेला. एडिसनला एसी नकोच होता. तो चोरेल कशाला?

खरं भांडण तारेचं होतं. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने १८८२ मध्ये ११० व्होल्टच्या डीसीवर दिवे लावले. पण मैलभर लांब गेलं की वीज तारेतच तापून जाणार, म्हणजे गल्लोगल्ली पॉवरहाउस बांधा. आता तुमच्या गल्लीच्या तोंडाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा डबा, बघ. तिच्यात ११,००० व्होल्ट येतात. तेवढीच वीज ११० वर आणायची तर करंट शंभरपट लागेल, आणि त्याच तारेत नासाडी दहा हजारपट. व्होल्टेज चढवायचं-उतरवायचं काम तो डबा करतो, तेही फक्त एसीवर.

आणि तो डबा ना एडिसनचा, ना टेस्लाचा. फ्रान्सच्या गोलार्ने ब्रिटनच्या गिब्ससोबत तो चालवून दाखवला, पण त्यांचे डबे सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेत एकापुढे एक. एकाकडचे दिवे मालवले की दुसऱ्याकडचे बिघडायचे. बुडापेस्टच्या तिघांनी, झिपरनॉव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी, १८८५ मध्ये कोर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, सलग कड्यासारखा बंद केला आणि डबे पॅरलल, म्हणजे प्रत्येक स्वतंत्रपणे, जोडले. पुढच्या वर्षी अमेरिकेत ग्रेट बॅरिंग्टन गावात विल्यम स्टॅनलीने रस्त्याकडेच्या झाडांवरून तारा नेऊन दुकानं उजळली. पैसा वेस्टिंगहाउसचा. गोलार्चं मात्र पेटंट गेलं, डोकं फिरलं, आणि १८८८ मध्ये पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात तो गेला. त्याच्यावर कोणी मीम करत नाही.

टेस्लाची करामत मोटरमध्ये आहे. एसीवर दिवे लागत होते, पण कारखान्याला धड मोटर नव्हती. ती १८८८ च्या त्याच्या पेटंटांनी दिली, आणि वेस्टिंगहाउसने ती घेतली. तेवढं श्रेय त्याला शंभर टक्के.

माझ्या हातून एकदा एलव्हीच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूच्या, कॉइलीत एक वेढा कमी पडला होता. एकूण वेढे पन्नासच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक. टेस्टिंगला दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचा रेशो काही लागेना. सुपरवायझरने पुरी कॉइल उलगडायला लावली, कागदासकट. त्या दिवसापासून मी वेढे मनात नाही, तोंडाने मोजायचो.

रात्री रहदारी थांबली की डीपीजवळ उभी राहा, कुंपणाबाहेरच हं. बारीक गुणगुण येते ना? आपला एसी सेकंदाला पन्नास फेऱ्यांचा, म्हणून आतलं लोखंड सेकंदाला शंभर वेळा थरथरतं. तुझ्या मोबाइलला मात्र शेवटी डीसीच लागतो; तुझा चार्जर एडिसनच्या बाजूचा.