साथ सरली, सिगारेट उरली

प्रश्न : महासाथीत घरून काम सुरू झालं आणि दिवसाच्या पाच-सहा सिगारेटी पंधरावर गेल्या. ऑफिस सुरू होऊनही आकडा उतरत नाही. भीतीनं तर लोक सोडतात ना?

उत्तर : २०२० मध्ये दोन्ही झालं. भीतीनं काहींनी टाकली, ताणानं आणि कंटाळ्यानं काहींची वाढली. ऑफिसात ओढायची तर उठून बाहेर जावं लागतं. घरी पाकीट हाताशीच. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरण्याआधीच पुढची पेटत गेली, की मेंदूला ती चढी पातळीच अंगवळणी पडते. ऑफिस सुरू झालं म्हणून ती सवय आपोआप मोडत नाही.

‘पंधराच्या आठ करतो’ यावर आमचा फारसा भरवसा नाही. आकडा घटला की माणूस नकळत झुरके खोल घेतो, थोटूक पार फिल्टरपर्यंत ओढतो. त्यापेक्षा दिवस ठरवून पूर्ण बंद करा आणि निकोटिन गमचा आधार घ्या. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक.

बहुतेकांचं चुकतं ते चावण्यात. हे साधं च्युइंगम नव्हे. सावकाश चावा, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबा आणि गम गालात दाबून ठेवा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावा. असं अर्धा तास. सतत चघळलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि दोष गमला मिळतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेय नको. आम्लामुळे गालातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आजारपणात वीस दिवस ओढली नाही, तर खोकला उलट वाढला. मित्र म्हणतो, निकोटिन विषाणूपासून वाचवतं. पुन्हा सुरू करू का?

उत्तर : नको. ती चर्चा २०२० मध्ये पसरली होती, सिद्ध झाली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत कोविड गंभीर होण्याचा धोका जास्त, असंच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. श्वासनलिकेतली बारीक लव धुरानं मंदावलेली असते. ती पुन्हा हलू लागली की साचलेला कफ वर ढकलते. काही आठवडे असा खोकला येऊ शकतो. मात्र आजारानंतरचा प्रत्येक खोकला त्याच खात्यात टाकू नका : ताप, धाप किंवा कफात रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा, आणि खोकला तीन आठवड्यांवर गेला तरीही तपासून घ्या.