दाढ तुटली, तरी म्हणे टेन्शन नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी ४६ वर्षांची, बदलापूरला राहते, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मध्यंतरी जेवताना दाढेचा तुकडाच पडला. डेंटिस्ट म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता, टेन्शन कमी करा. पण मला टेन्शन असं काही नाही हो. मिस्टर समजूतदार आहेत, मुलगा बारावीला आहे पण अभ्यासू आहे. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं थोडं बघावं लागतं, बाकी काही नाही. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. रविवारी हमखास डोकं दुखतं. घरचे म्हणतात, वय झालं. मैत्रीण म्हणते, पाचला उठून योगासनं कर. करू का?

उत्तर : ताई, खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाचं ‘थोडं बघणं’ कसं असतं, ते मी घरोघरी व्हिजिटला जाऊन पाहिलंय. कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, उठवायचं, अंग पुसायचं, वॉकर धरून दोन पावलं चालवायचं, गोळ्या काढून ठेवायच्या. हे सगळं उरकून तुम्ही बदलापूर फास्टला लोंबकळता, आणि परत आल्यावर पुन्हा तेच. मार्चअखेर वेगळीच. तुम्ही तक्रार करत नाही हा स्वभाव झाला. ताण त्याने कमी होत नाही.

टेन्शन म्हटलं की आपल्याला रडारड, चिडचिड, भांडणं आठवतात. कामाच्या रगाड्यातल्या बायकांना हे काही होत नाही, वेळच कुठे असतो! त्यांचं शरीर आधी बोलतं. तुमचं जबड्यातून बोललंय. आत्ता हे वाचताना बघा, वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकायला नकोत. तोंड मिटलेलं असताना ओठ जुळलेले, दात सुटे आणि जीभ सैल, ही जबड्याची आरामाची स्थिती. आता कानांच्या थोडं पुढे, गालांवर बोटं ठेवा आणि दात दाबा. जो टणक गोळा वर येतो तो चावण्याचा स्नायू. तो दाबून दुखत असेल, सकाळी उठल्यावर कानशिलं जड वाटत असतील, तर डेंटिस्टचं बरोबर आहे. ते नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, देतील ते वापरा. त्याने दाढा वाचतात, दात खाणं मात्र थांबेलच असं नाही. दिवसा आठवण राहावी म्हणून ऑफिसातल्या मॉनिटरच्या कडेला एक टिकली चिकटवा. नजर गेली की दात सुटे करायचे, खांदे खाली सोडायचे आणि श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. सावकाश सोडलेल्या श्वासाने नाडी जरा मंदावते, मनगटावर बोट ठेवलंत तर तुमचं तुम्हालाच कळेल. लोकलमध्ये दांडीला धरून उभ्या असतानाही हे जमतं.

रविवारच्या डोकेदुखीने तुम्ही चक्रावला असाल, सुट्टीच्या दिवशीच का? आठवडाभर ताणलेलं शरीर सैल पडतं तेव्हा काहींचं डोकं दुखतं, अर्धशिशीवाल्यांचं तर जास्तच. शिवाय रविवारी तुमचा पहिला चहा कधी होतो? रोज सहाला घेणारीने नऊला घेतला तर तेवढ्यानेही डोकं धरतं. म्हणून चहाची वेळ रविवारीही फार पुढे ढकलू नका. आणि संध्याकाळी ऑफिसातला शेवटचा कप बंद करा. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मं अंगात असतं. पहाटेच्या जागेपणाला त्याचाही हातभार असू शकतो.

पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढू लागतं, झोपही तेव्हा उथळ असते. ताणाखालच्या माणसाला तेवढ्यात जाग येते आणि यादी सुरू होते : डबा, सासूबाईंच्या गोळ्या, क्लासची फी. जाग आली तर घड्याळ बघू नका, मोबाइल तर नकोच. यादी रात्री जेवणानंतर कागदावर उतरवून ठेवा आणि तो कागद मिस्टरांना वाचायला द्या. त्यातली दोन कामं त्यांच्या नावावर जाऊ द्यात. समजूतदार आहेत ना?

योगासनं पाचला? मुळीच नाही. आधीच तुटपुंज्या झोपेतून आणखी अर्धा तास कापून योग करायचा, हा सल्ला देणाऱ्या मैत्रिणीला माझ्याकडे पाठवा. तुमच्या दिवसात काही घालायचं नाहीये, काढायचंय. सकाळच्या दोन तासांसाठी बाई ठेवता येते का बघा. दीर किंवा नणंद असतील तर त्यांना स्पष्ट सांगा, ‘महिन्यातले दोन शनिवार-रविवार आई तुमच्याकडे, नाहीतर तुम्ही इकडे.’ सासूबाईंना वाईट वाटेल ही भीती बऱ्याचदा सुनेलाच असते. सासूबाईंनाही तुमची धावपळ दिसतेच की.

आता वयाचं. घरचे अगदीच चूक नाहीत. ४६ व्या वर्षी पाळी जाण्याआधीच्या बदलांमुळेही झोप मोडते. थायरॉइड बिघडलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं तरी थकवा येतो, धडधडतं, आणि आपण सगळं टेन्शनवर ढकलून मोकळे होतो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची), साखर आणि ब्लडप्रेशर एकदा तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणू नका, अॅसिडिटीच्या महिनोन्‌महिने घेऊ नका. जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, तर ते ताणाचंच आहे असं ठरवून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी ईसीजी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागेनासं झालं, सगळं नको वाटू लागलं, तर मात्र डेंटिस्ट आणि मी, आम्ही दोघंही पुरे पडणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ते लगेच जमत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

रिपोर्ट आले की आकडे कळवा. आणि नणंदबाई काय म्हणाल्या, तेही.