गर्भपातानंतर ठेकेदार म्हणतो, ‘घरीच बसा’

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात मी ठेकेदाराकडून लागले. थिनरने कास्टिंग (ओतीव भाग) पुसून रंगाला द्यायचं काम. तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. पंधरा दिवसांनी गेले तर म्हणाला, ‘तुमच्याच भल्यासाठी सांगतो, आता घरीच बसा.’ भरपाई मिळेल का?

उत्तर : ताई, भरपाईचं पुढे बघू, आधी नोकरी आणि पगार वाचवा. गर्भपातानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायलाच कायद्याने मनाई आहे, आणि तेवढी पगारी रजा हा हक्क आहे. हे १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलं. या रजेत काढून टाकणं बेकायदा. दाद मात्र काढल्याचं कळवल्यापासून ६० दिवसांत मागावी लागते. तुम्हाला तोंडीच सांगितलंय, म्हणून ‘अमुक तारखेला कामावर येऊ नका म्हणालात’ असं पत्र ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील, तर रजेचे पैसे तिथून मिळतात. कापायला हवा होता पण कापला नाही, तर ठेकेदाराकडे बोट दाखवून कंपनी सुटत नाही.

भरपाईचं खरं सांगते, वाट अवघड आहे. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन नावाचं रसायन असतं आणि त्याची वाफ गर्भाला घातक ठरू शकते. पण कामाचा काही संबंध नसतानाही कितीतरी गर्भपात होतात, आणि समोरचा वकील नेमकं हेच म्हणेल. म्हणून डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या, हवेची तपासणी मागा. डिस्चार्ज कार्डही बघा. ‘व्यवसाय’ या रकान्यात सर्रास ‘गृहिणी’ लिहिलेलं असतं! डॉक्टरांना भेटून केसपेपरवर थिनरच्या कामाची नोंद करून घ्या.

पुन्हा दिवस गेले तर काम बदलून मागता येतं. पण कायद्याने ठरवलेला काळ बाळंतपणाआधीच्या शेवटच्या दहाएक आठवड्यांचाच. धोका जास्त सुरुवातीला, संरक्षण शेवटी, हा उफराटा न्याय आहे. तरी कळताच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि ‘भल्यासाठी’ बायकांना काढण्याचा मुद्दा : काही सॉल्व्हंट (थिनरसारखी द्रावकं) आणि शिसं पुरुषांच्या शुक्राणूंनाही सोडत नाहीत. तिथे वाफ बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा बसवायचा असतो, बाईला घरी बसवायचं नसतं. तक्रारीत हेही लिहा.