पडलेल्या पिना परत उभ्या कशा राहतात आणि मशीन मधेच का थांबतं?

तुम्ही विचारलंय की बॉलिंगमध्ये दुसऱ्या बॉलच्या वेळी उरलेल्या पिना नेमक्या त्याच जागी परत कशा येतात, आणि खेळ रंगात आला की मशीन मधेच का थांबतं. लेनच्या, म्हणजे बॉल ज्यावरून सोडतात त्या लांब वाटेच्या, मागच्या बाजूला याच मशीनच्या देखभालीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उरलेल्या पिना मशीन नव्याने मांडत नाही. त्या जिथे उभ्या असतात तिथूनच उचलतं आणि तिथेच ठेवतं. बॉल मागच्या जाड गादीवर आदळला, किंवा नव्या मशीनमध्ये सेन्सरसमोरून गेला, की चक्र सुरू होतं. स्वीप, म्हणजे ती आडवी पट्टी, खाली येते. वरून टेबल, म्हणजे पिना धरणारी आणि मांडणारी चौकट, उतरतं आणि त्यातले चिमटे उभ्या पिनांची मान धरतात. टेबल वर गेलं की स्वीप पडलेल्या पिना मागच्या खड्ड्यात लोटते आणि टेबल पुन्हा उतरून धरलेल्या पिना सोडतं. त्यामुळे एखादी पिन न पडता नुसती सरकली असेल, तर दुसऱ्या बॉललाही ती सरकलेल्या जागीच दिसते. नियमही तोच आहे. पण ती फारच सरकली तर चिमट्याच्या आवाक्यात येत नाही, टेबल तिच्या डोक्यावर टेकतं आणि बरीच मशीनं तिथेच थांबतात. याला बिघाड म्हणू नका. मशीन स्वतःला आणि पिनेला वाचवतंय.

खरी गंमत खड्ड्यात आहे. तिथला पट्टा सतत फिरत असतो. बॉल बाजूच्या दारातून बाहेर पडून लेनखालच्या मार्गाने परत येतो, पिना मात्र मोठ्या चाकाच्या खणांत अडकून वर जातात. आता त्या कशाही येतात, कुणी डोक्याकडून, कुणी बुडाकडून. पिन 15 इंच उंच असते, पण तिचं पोट बुडापासून साडेचार इंचांवर, म्हणजे वजन सगळं खालच्या बाजूला. काही मशीनमध्ये चाकावरून ती एका खोलगट पात्रात पडते, आणि जड बाजू आधी घसरत असल्याने प्रत्येक पिन तिथून बूड पुढे करूनच निघते. ना सेन्सर, ना मोटर. नुसत्या आकाराच्या जोरावर हे काम होतं. हा भाग मी कितीही वेळा पाहिला तरी मला थांबून बघावंसं वाटतं. पुढे त्या दहा जागांवर वाटल्या जातात आणि वर तयार राहतात. म्हणून एका मशीनमध्ये किमान दोन संच फिरत असतात.

यंत्रं येण्यापूर्वी हे सगळं लेनमागे बसलेली पोरं हाताने करायची, तेही अंगावर पिना उडत असताना. गॉटफ्रीड श्मिट यांचं मशीन एएमएफ कंपनीने 1946 साली अमेरिकेत बफेलोच्या स्पर्धेत लोकांसमोर आणलं, आणि 1952 पासून ती मशीनं प्रत्यक्ष वापरात आली.

आता देखभाल. माझं ठाम मत आहे की मशीनची निगा म्हणजे आधी पिनांची निगा. आत मेपलचं लाकूड, वर प्लास्टिकचं आवरण. मार खाऊन आवरण तडकतं, बुडाची कडा उडते. अशी पिन टेबलाने सोडली की डुगडुगते आणि कुणी हात न लावता पडते. आवरण सुटून फुगलेली पिन वाटपाच्या मार्गात अडकते, मग तिच्यामागे रांग तुंबते. अशा वेळी मोटर उघडण्याआधी पिना हातात घेऊन बघाव्यात.

दुसरा शत्रू तेल. लेनवर मुद्दाम लावलेलं तेल बॉलबरोबर मागे येतं, त्यात रबराची आणि प्लास्टिकची भुकटी मिसळते आणि काळी चिकट राड तयार होते. बेल्ट घसरतात, पिना चाकातून निसटतात. पिना, पट्टा, चाक नियमित पुसलं तर निम्मी कटकट संपते. त्याशिवाय बेल्टचा ताण, स्विचचे दट्टे, ग्रीस, आणि टेबलाची पातळी हेही बघावं लागतं. दोन पिनांच्या मध्यात 12 इंच अंतर हवं; टेबलाचा एक कोपरा जरी खाली असला तरी मागच्या कोपऱ्यातली 7 किंवा 10 नंबरची पिन खुणेवर बसत नाही. किती फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे खेळाडूची एक पाळी) मशीन थांबलं आणि कुठे अडकलं, हे वहीत लिहून ठेवायला हवं. एकाच जागी वारंवार अडकत असेल, तर अडकलेली पिन काढून काम संपत नाही.

हात आत घालायचा तर आधी मशीन बंद आणि प्लगही काढलेला. तरीही स्वीप स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकते, तिला आधार द्यावाच लागतो. इथे घाई कुणाचीच ऐकायची नाही.

दोरीची मशीनं वेगळी: प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी, मोटर ती वर ओढून परत सोडते. भाग कमी, त्यामुळे खर्चही कमी. पण दोरीमुळे पिन उडते ती वेगळी, आणि दोऱ्या एकमेकींत गुंतल्या की त्या सोडवाव्या लागतात. अमेरिकेच्या बॉलिंग संघटनेने 2023 मध्ये दोरीच्या पिनांवरच्या खेळाला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून.

तुमच्याकडून एकच हवं: स्वीप खाली असताना बॉल सोडू नका. बॉल सव्वासात किलोपर्यंत असू शकतो. तो स्वीपवर आदळला की तिचे दांडे वाकतात, आणि मग ती लेन दुरुस्ती होईपर्यंत बंद.